सुसंवादाच्या पलीकडे : जोतिबाच्या लोकपरंपरेतील निसर्गसंबंधांची चिकित्सा

बीजसंज्ञा : जोतिबा, लोकदैवत, वन आणि क्षेत्र, परस्परावलंबन, पर्यावरणकेंद्री समीक्षा

प्रस्तावना

मराठी समीक्षेत गेल्या काही दशकांत पर्यावरणकेंद्री विचाराचा प्रवेश झाला आणि त्याबरोबर ‘निसर्गाशी सुसंवाद’ हा शब्दप्रयोगही रूढ झाला. लोकगीत असो, ग्रामीण कादंबरी असो वा एखाद्या लोकदैवताची यात्रा असो, तीत मानव आणि निसर्ग यांचा सुसंवाद प्रकट झाला आहे, असे विधान केले की विवेचन पूर्ण झाले असे मानण्याची जणू प्रथाच पडली आहे. हे विधान बहुतेक वेळा खोटे नसते. परंतु ते इतके सर्वसमावेशक असते की त्यातून ज्या कृतीविषयी वा परंपरेविषयी ते केले आहे, तिच्यासंबंधी विशिष्ट असे काहीच हाती लागत नाही. वारीला ते लागू पडते, भोंडल्याला लागू पडते, बैलपोळ्यालाही लागू पडते. सगळीकडे सारखीच लागू पडणारी संज्ञा समीक्षेच्या उपयोगाची किती, हा प्रश्न विचारला जाणे आवश्यक आहे.

प्रस्तुत लेखात हा प्रश्न एका निश्चित स्थळाच्या संदर्भात तपासला आहे. कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे १७-१८ किलोमीटर अंतरावर, पन्हाळा तालुक्यात, वाडी रत्नागिरी येथे जोतिबाचे देवस्थान आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,१०० फूट उंचीचा हा डोंगर म्हणजे सह्याद्रीपासून पूर्वेकडे निघालेल्या पन्हाळ्याच्या रांगेचा सुटा पडलेला भाग होय. केदारनाथ, केदारलिंग, रवळनाथ, दख्खनचा राजा अशा अनेक नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या दैवताभोवती कथा, विधी, वनस्पती, प्राणी, पाऊलवाटा आणि पाणी यांचे एक दाट जाळे विणले गेले आहे. नैसर्गिक सृष्टीतील परस्परसंबद्धतेचा विचार करण्यासाठी यापेक्षा समृद्ध स्थळ सहजासहजी सापडणार नाही. तथापि या जाळ्याला ‘सुसंवाद’ म्हणावे की आणखी काही, याविषयी घाईने निर्णय करणे उचित नव्हे.

संज्ञेची पार्श्वभूमी

निसर्गात मुळातच एक समतोल असतो आणि मानवी हस्तक्षेपामुळे तो बिघडतो, ही कल्पना सामान्यतः वैज्ञानिक सत्य म्हणून स्वीकारली जाते. प्रत्यक्षात विज्ञानाच्या क्षेत्रातच तिच्यावर दीर्घकाळ वाद झाला आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी एखाद्या प्रदेशातील वनस्पतिसमूह हा जणू एकच सजीव देह असून तो क्रमाक्रमाने परिपक्व अवस्थेला पोहोचतो, असे मांडले. हेन्री ग्लीसन यांनी १९२६ मध्ये त्याला उत्तर दिले ते असे, की प्रत्येक जाती आपापल्या गरजेनुसार जगते आणि समूह हा बव्हंशी योगायोगाने जुळून आलेला असतो. आर्थर टॅन्सली यांनी १९३५ मध्ये ‘इकोसिस्टिम’ म्हणजे परिसंस्था ही संज्ञा योजली, तीही क्लेमेंट्स यांच्या देहकल्पनेला पर्याय म्हणून. पुढे १९९० मध्ये डॅनियल बॉटकिन यांनी तर आपल्या ग्रंथाच्या शीर्षकातच ‘विसंवादी सुसंवाद’ अशा अर्थाचा विरोधाभास योजून स्थिर समतोलाच्या कल्पनेची चिकित्सा केली. ज्या संज्ञेविषयी तिच्या माहेरीच एवढा मतभेद आहे, ती साहित्यविचारात आणताना अधिक सावध राहावयास हवे होते. मराठीत तसे घडले नाही.

याला जोडून आणखी एक आक्षेप ध्यानात घ्यावा लागतो. रामचंद्र गुहा यांनी १९८९ मधील आपल्या निबंधात पाश्चात्त्य सखोल पर्यावरणवादावर टीका करताना, मनुष्यविरहित अरण्याचा आदर्श भारतासारख्या शेतीप्रधान व दाट वस्तीच्या देशात गरिबांवर अन्याय करणारा ठरतो, हे दाखवून दिले. त्यांचा रोख अभयारण्यांच्या धोरणाकडे होता. परंतु समीक्षेलाही त्यातून एक बोध घेता येतो. निसर्गाविषयी बोलताना श्रम कोणाचा, जमीन कोणाची आणि मान कोणाचा, हे प्रश्न वगळले की उरते ते केवळ रसिकाचे समाधान. दुर्गा भागवत यांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) हे मराठीतील निसर्गलेखनाचे एक शिखर आहे याबद्दल दुमत नाही. महिन्यामहिन्याचे झाड, फूल, पाखरू आणि लोकसमजुती यांची त्यांनी घातलेली सांगड अजोड आहे. मात्र त्या लेखनाचे केंद्र पाहणाऱ्याच्या संवेदनेत आहे. त्यांच्या अनुकरणातून जे निसर्गलेखन पुढे फोफावले, त्यात ती संवेदना पातळ झाली आणि केंद्र मात्र तेच राहिले.

कथेतील पराभूत : रत्नासुर आणि डोंगराचे नाव

जोतिबाची प्रचलित कथा ‘केदारविजय’ या ग्रंथामुळे आणि त्याहून अधिक मौखिक परंपरेमुळे सर्वश्रुत आहे. पौगंड ऋषी व विमलांबुजा यांच्या पोटी केदारनाथाचा अवतार झाला. त्याने दक्षिणेत येऊन दैत्यांचा संहार केला, करवीरनिवासिनीला साहाय्य केले आणि या डोंगरावर रत्नासुराचा वध करून येथेच वास्तव्य केले, असा तिचा गाभा आहे. पहिल्या वाचनात ही कथा व्यवस्थेने अव्यवस्थेवर मिळविलेल्या विजयाची, म्हणजे सुसंवादाच्या प्रस्थापनेची वाटते.

परंतु एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. वध झाला रत्नासुराचा आणि गावाचे नाव आजही वाडी रत्नागिरी असेच आहे. शेजारच्या नगराची कथाही अशीच. कोल्हासुराला मारले देवीने, परंतु नगराला नाव मिळाले ते त्याचेच, असे स्थलपुराण सांगते. जिंकणाऱ्याच्या नावाने देऊळ आणि हरणाऱ्याच्या नावाने भूमी, अशी ही विभागणी आहे. ती योगायोगाची मानली तरी लोकस्मृतीने ती शतकानुशतके जपली, हे महत्त्वाचे. डोंगराचा जुना धनी मारला गेला, तरी त्याचा डोंगरावरील हक्क पूर्णतः पुसला गेला नाही, अशी कबुलीच जणू या नामकरणात दडलेली आहे.

येथे गुंथर सोन्थायमर यांच्या मांडणीचा आधार घेता येतो. धनगर, गवळी आदी पशुपालक समाजांच्या दैवतांवरील त्यांचा मूळ जर्मन ग्रंथ १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद १९८९ मध्ये आला. १९८७ मधील एका निबंधात सोन्थायमर यांनी ‘वन’ आणि ‘क्षेत्र’ ही जोडी दख्खनमधील दैवतांच्या अभ्यासासाठी वापरली. वन म्हणजे पशुपालक, शिकारी, तपस्वी, लुटारू यांचा मुक्त प्रदेश. क्षेत्र म्हणजे नांगरलेली, सीमा आखलेली, राजसत्ता व देवळे असलेली भूमी. या दोहोंमध्ये विरोध आहे, पण एकाशिवाय दुसऱ्याचे चालत नाही, हे त्यांचे प्रतिपादन. धनगराच्या मेंढरांनी शेतात बसावे, लेंडीखत द्यावे आणि धान्य घेऊन पुढे जावे, हा व्यवहार त्याचे साधे उदाहरण होय. रत्नासुराच्या कथेतील वध हा वनाचा क्षेत्राने केलेला पराभव आहे आणि डोंगराचे नाव हा त्या पराभवानंतरही उरलेल्या देण्याचा पुरावा आहे. ज्याला सुसंवाद म्हणण्यात येते, तो येथे एका रक्तपाताच्या पायावर उभा आहे, हे वाचकाने विसरता कामा नये.

महात्मा फुले यांनी या कथेकडे अगदी वेगळ्या बाजूने पाहिले. ‘गुलामगिरी’ (१८७३) मध्ये बळीच्या राज्याची कल्पना मांडताना त्यांनी खंडोबा, म्हसोबा यांच्याप्रमाणे जोतिबालाही बळीच्या कारभारातील एक अधिकारी ठरविले आणि त्याचे ठाणे कोल्हापूरच्या उत्तरेकडील रत्नागिरीच्या डोंगरावर दाखविले. फुले यांची व्युत्पत्ती व इतिहास आज कोणी शब्दशः स्वीकारणार नाही. पण समीक्षेच्या दृष्टीने त्यांची कृती विलक्षण आहे. पुराणकथेत देव एका पक्षाचा आणि असुर दुसऱ्या पक्षाचा. फुले यांच्या वाचनात जोतिबा असुरराज बळीच्याच पक्षात येऊन बसतो. तो जमिनीचा, पिकाचा आणि न्यायाचा रखवालदार होतो. क्षेत्रपाल भैरव हे जोतिबाचे जे एक रूप परंपरेत मानले जाते, त्याच्याशी हे वाचन अनपेक्षितपणे जुळते. लोकदैवतांच्या अभ्यासकांनी फुले यांच्या या पानांचा उल्लेख बहुधा समाजसुधारणेच्या प्रकरणात केला, दैवतविचाराच्या प्रकरणात क्वचितच केला, ही आपल्या विद्याशाखांच्या कप्पेबंदीची खूण म्हणावी लागेल.

रा. चिं. ढेरे यांच्या ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथाने ‘समन्वय’ ही संज्ञा मराठी दैवतविचारात प्रतिष्ठित केली. ढेरे यांचा समन्वय हा थरांचा इतिहास आहे. कोणते दैवत कोणत्या दैवताखाली गेले, कोणते उन्नयन कोणी केले, याचा ते कसून शोध घेतात. त्यांच्यानंतरच्या अनुयायांनी मात्र समन्वयातील इतिहास गाळला आणि मैत्रभाव तेवढा ठेवला. जोतिबाच्या संदर्भात केदार, भैरव, रवळनाथ, सूर्य आणि ज्योत या सर्वांचा ‘सुंदर मिलाफ’ झाला, असे लिहून थांबणे म्हणजे ढेरे यांच्या पद्धतीला पाठ दाखविणे होय.

दवणा

चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत जोतिबाला वाहिल्या जाणाऱ्या द्रव्यांत गुलाल आणि खोबरे यांच्याबरोबर दवण्याला विशेष स्थान आहे. करड्या-हिरव्या, बारीक चिरलेल्या पानांचे हे सुगंधी झुडूप वनस्पतिशास्त्रात ‘आर्टेमिसिया पॅलेन्स’ या नावाने ओळखले जाते. धर्मशास्त्रात त्याचे नाव दमनक. चैत्र शुद्ध पक्षात निरनिराळ्या तिथींना निरनिराळ्या देवतांना दमनक अर्पण करण्याचे विधान आढळते. म्हणजे शास्त्राची तिथी आणि रोपाचा हंगाम येथे एकत्र आले आहेत. दवणा साधारणतः पावसाळ्यानंतर, थंडीच्या तोंडाशी पेरला जातो, थंडीत वाढतो आणि फाल्गुनाच्या सुमारास फुलावर येतो. चैत्रात देवाला दवणा वाहावा हा नियम कोणी आधी केला आणि मग शेतकऱ्याने तो पिकविला, की दवणा चैत्रात हाताशी असे म्हणून नियम झाला, हे सांगण्याचे साधन नाही. पण दोन्हींचा मेळ बसल्याशिवाय विधी टिकला नसता, एवढे निश्चित.

या रोपाचा सुगंध हा त्याहून मार्मिक विषय आहे. पानांवरील सूक्ष्म ग्रंथींत साठणारे सुगंधी तेल हे अशा वनस्पतींचे एक संरक्षक अस्त्र असते. किडीने व चरणाऱ्या जनावराने पान खाऊ नये म्हणून वनस्पती ते घडविते. भक्ताला जो प्रसाद वाटतो तो रोपाच्या दृष्टीने प्रतिकार आहे. मनुष्याला तो प्रतिकार आवडला, म्हणून त्याने रोपाला पाणी घातले, तण काढले, दरवर्षी बी राखले. आणि रोपाचा वंश ज्या गंधाने स्वतःला वाचवीत होता, त्याच गंधामुळे माणसाच्या हातून वाढला. परस्परसंबद्धता म्हणतात ती ही. तिच्यात गोडवा आहे, पण तो दोन्ही पक्षांनी ठरवून आणलेला नाही. शत्रूसाठी बनविलेली वस्तू मित्राच्या कामी यावी, असा हा प्रकार आहे. ‘सुसंवाद’ या शब्दात संवाद गृहीत धरलेला असतो. दवणा कोणाशीही संवाद करीत नाही.

दवण्याची जुडी बाजारात विकत घेणाऱ्या यात्रेकरूला तो पिकविणारा दिसत नाही. काही दिवसांच्या गिऱ्हाइकासाठी चार-पाच महिने जमीन अडकवून ठेवणे, तेही ऊस हमखास पैसा देत असताना, हा शेतकऱ्याच्या हिशेबात सोपा निर्णय नाही. ज्या दिवशी तो निर्णय उलटा होईल, त्या दिवशी चैत्रातील एक विधी प्लॅस्टिकच्या हारांवर भागवावा लागेल. यात्रेच्या वर्णनात दवण्याचा दरवळ न चुकता येतो, त्याच्या अर्थकारणाला मात्र एकही ओळ मिळत नाही.

काठीचा तोल

यात्रेचे प्रधान आकर्षण म्हणजे सासनकाठ्या. उंच, सरळ बांबूला रंगीत वस्त्रे गुंडाळून सजविलेल्या या काठ्या गावोगावांहून नाचवत डोंगरावर आणल्या जातात. मानाच्या काठ्यांची संख्या १०८ सांगितली जाते. पहिला मान सातारा जिल्ह्यातील पाडळी (निगडी) येथील काठीचा. त्यामागे विहे, कसबे डिग्रज, किवळ, कोल्हापूरचे हिंमतबहादूर चव्हाण आदींच्या काठ्यांना मान असतो. किवळ हे कराडजवळचे गाव. तेथील नावजी नामक भक्ताने या डोंगरावर पहिले छोटे देऊळ उभारले, अशी परंपरा आहे. सध्याचे केदारलिंगाचे देऊळ राणोजी शिंदे यांनी १७३० मध्ये बांधविले. पुढे चोपडाई, रामलिंग आणि १८०८ मध्ये दौलतराव शिंदे यांनी केदारेश्वर अशी देवळे त्यात भर घालीत गेली. सारे बांधकाम येथल्याच काळ्या पाषाणाचे. डोंगर कोरून काढला आणि डोंगरावरच रचला, असे त्याचे स्वरूप आहे.

काठी नाचविण्याची क्रिया लक्षपूर्वक पाहिली तर तोल या कल्पनेविषयी ती बरेच काही सांगते. एक जण काठीचा बुंधा कमरेशी पेलतो. वरच्या बाजूने बांधलेल्या दोऱ्या चहूंकडून इतर जण ताणून धरतात. वाऱ्याचा झोत आला, पेलणाऱ्याचे पाऊल चुकले, गर्दीचा लोंढा एका बाजूने आला की काठी कलते. त्या क्षणी विरुद्ध बाजूची दोरी ओढली जाते आणि कलत्या बाजूची सैल सोडली जाते. काठी कधीच स्थिर नसते. ती पडत नाही, एवढेच. सर्व दोऱ्या सैल सोडल्या तर ती कोसळेल आणि सर्वांनी एकाच वेळी सारख्या जोराने ओढल्या तर नाच थांबेल. समतोल ही आपोआप प्राप्त झालेली अवस्था नसून परस्परविरुद्ध ओढींनी क्षणोक्षणी केलेले काम आहे, हे बॉटकिन यांच्या ग्रंथाइतकेच स्पष्टपणे येथे दिसते. आणि ते काम करणाऱ्यांच्या तळहातांना घट्टे पडतात, ही गोष्ट ग्रंथात नाही, येथे आहे.

ज्या बांबूची काठी होते, त्याचाही स्वतःचा काळ असतो. बांबूच्या अनेक जाती आयुष्यात एकदाच, कित्येक वर्षांनी, फुलतात आणि फुलोऱ्यानंतर अख्खे बेट वाळून जाते. त्यामुळे चांगले बेट राखणे, वेळेवर तोड करणे, कोवळे कोंब सोडणे या गोष्टींना गावात एके काळी नियम होते. मानाची परंपरा काठीला असते, बेटाला नसते. काठी मोठी, बेट मागे, असा हा पडदा आहे. मानपानाच्या उतरंडीविषयीही हेच म्हणता येईल. गावांमधील संबंध काठ्यांच्या क्रमाने दरवर्षी नव्याने मांडले जातात, त्यावरून कधीकाळी तंटेही झाले असतील. मात्र त्या क्रमामुळेच सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांतील गावे एका दिवसासाठी एकमेकांना ओळखतात. हा संबंध विषम आहे आणि तरीही तो संबंध आहे. समीक्षेने यातील एकच अर्धे सांगू नये.

पाऊलवाट आणि हंगाम

माघ महिन्यापासून सुरू होणारे पाच रविवारांचे ‘खेटे’ हा जोतिबाच्या उपासनेचा दुसरा महत्त्वाचा भाग. दैत्यसंहार करून केदारनाथ हिमालयाकडे परत निघाला, तेव्हा करवीरनिवासिनी अनवाणी चालत त्याच्याकडे गेली आणि त्याने येथेच राहावे अशी विनवणी केली, असे कथा सांगते. त्या अनवाणी चालण्याचे अनुकरण म्हणून कोल्हापूर परिसरातील भाविक पंचगंगेचा घाट ओलांडून वडणगे, निगवे, कुशिरे या मार्गाने पायी डोंगर चढतात आणि वाटेत गायमुखापाशी विसावतात. देवाला थांबवून धरण्याची ही कल्पना मोठी अर्थपूर्ण आहे. देव येथला मूळचा नाही, तो निघून जाऊ शकतो. त्याला राहवून घ्यावे लागते आणि ते एकदाच करून भागत नाही, दरवर्षी पाच वेळा करावे लागते. पाऊस, पाणी, पीक यांच्याबाबत शेतकऱ्याची जी धारणा असते तिचेच हे प्रतिरूप. ते मिळेल असे गृहीत धरता येत नाही. त्यासाठी चालावे लागते.

खेट्यांचा काळ रब्बीच्या काढणीशी आणि चैत्रयात्रेचा काळ काढणीनंतरच्या मोकळ्या दिवसांशी जुळलेला आहे. ज्वारी घरात आली, मशागत अजून दूर आहे, बैलांना उसंत आहे, अशा संधीत ही यात्रा बसविलेली दिसते. विसाव्या शतकात मात्र या प्रदेशाचे पीकच बदलले. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात हाती घेतलेल्या राधानगरीच्या धरणाने आणि पुढे सहकारी साखर कारखान्यांनी पंचगंगा व वारणा या दोन्ही खोऱ्यांत ऊस आणला. उसाला मोकळे दिवस नसतात. त्याला चैत्रातही पाणी द्यावे लागते; किंबहुना चैत्रातच अधिक द्यावे लागते. यात्रेचे पंचांग ज्वारीचे राहिले आणि शिवाराचे पंचांग उसाचे झाले. यात्रा कमी झाली नाही, लाखोंनी वाढली. पण ती ज्या हंगामाच्या आधारावर उभी होती तो तिच्या पायाखालून सरकला. ‘कृषिसंस्कृतीशी एकरूप झालेली यात्रा’ हे वाक्य आजही जसेच्या तसे लिहिले जाते, तेव्हा नेमकी कोणती कृषी, हे विचारण्यास हरकत नसावी.

चांगभलं : कोणाचे?

जोतिबाच्या नावाने होणाऱ्या जयघोषातील ‘चांगभलं’ हा शब्द भाषिक दृष्ट्या विचार करण्यासारखा आहे. चांगले आणि भले अशी दुहेरी मंगलवाचक जोडणी त्यात आहे, परंतु ज्याचे भले व्हावयाचे त्याचा उल्लेख नाही. ‘माझे’ नाही, ‘आमचे’ नाही, ‘भक्तांचे’ही नाही. जो ऐकेल त्याचे, जे वाटेत येईल त्याचे. व्याकरणातील ही रिकामी जागा परंपरेची सर्वांत मोठी उदारता ठरू शकते. तिच्यात बैल बसतो, दवणा बसतो, रत्नासुरही बसतो. मात्र जागा रिकामी असल्यामुळेच ती कोणीही बळकावू शकतो. घोषणेचा वापर राजकीय सभेत, चित्रपटात, वाहनाच्या काचेवर होतो, तेव्हा भले कोणाचे हे वक्ता आपल्या मनाने भरून घेतो. २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘दख्खनचा राजा जोतिबा’ या दूरचित्रवाणी मालिकेने ही घोषणा महाराष्ट्रभर पोहोचविली. पण मालिकेचे स्वरूपच असे की दैवताच्या भोवतीचा डोंगर नेपथ्य होऊन राहतो.

गुलालाच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. यात्रेच्या दिवशी देवळे, पायऱ्या, माणसे आणि वाटा गुलाबी रंगात न्हाऊन निघतात. ते दृश्य अपूर्व असते. परंतु आज बाजारात मिळणारा बराचसा गुलाल कृत्रिम रंगद्रव्य मिसळलेली भुकटी असतो. तो डोळ्यांत जातो, दगडाच्या छिद्रांत मुरतो, उरलेला मातीत मिसळतो. डोंगरावर टाकलेली वस्तू डोंगरावर राहत नाही. हा धर्मभावनेवरील आक्षेप नव्हे. परंपरेच्या स्वतःच्याच शब्दाला धरून केलेली पृच्छा आहे. ज्याच्या नावाने सर्वांचे भले मागावयाचे, त्याच्या अंगणातील माती त्या ‘सर्वां’त मोडते की नाही?

मे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने जोतिबा मंदिर परिसराच्या सुमारे २५९ कोटी रुपयांच्या विकास आराखड्याला मान्यता दिली. लाखो यात्रेकरूंसाठी रस्ते, वाहनतळ, निवारा आणि स्वच्छतेच्या सोयी हव्यात, याविषयी वाद नाही. अनवाणी चढणाऱ्या वृद्धेची गैरसोय हा संस्कृतीचा अलंकार मानणे क्रूरपणाचे आहे. प्रश्न वेगळा आहे. अशा आराखड्यांच्या समर्थनार्थ आणि विरोधार्थ, दोन्ही बाजूंनी, निसर्गाशी सुसंवादाचीच भाषा वापरली जाते. सुशोभित उद्यानाला सुसंवाद म्हणता येते आणि उद्यान नको असेही सुसंवादाच्याच नावाने म्हणता येते. ज्या शब्दाने कोणताही निर्णय समर्थित होतो, तो शब्द निर्णय करण्यास निरुपयोगी असतो. त्याऐवजी दवणा कोण पिकवितो, बांबूचे बेट कोठे आहे, गायमुखाचे पाणी कोठून झिरपते आणि चढावरील मातीला कोण धरून आहे, हे प्रश्न विचारले तर उत्तरे निदान तपासता येतील. लोकपरंपरेच्या समीक्षकाकडे या प्रश्नांची सामग्री आहे; त्याने ती अभियंत्याच्या हाती सोपवून स्वतः केवळ शैलीवर बोलत राहणे हा त्याच्या कामाचा संकोच आहे.

दुभंगणारे आणि मिळणारे पाणी

शेवटी पाण्याचा विचार अपरिहार्य ठरतो. पन्हाळा-जोतिबाची ही रांग वारणा आणि कासारी-पंचगंगा या दोन खोऱ्यांमधील जलविभाजक आहे. एका पावसाच्या सरीचे थेंब येथे दोन दिशांना फुटतात. उत्तरेकडचे वारणेला जाऊन मिळतात, दक्षिणेकडचे कासारी-पंचगंगेला. वारणा सांगलीजवळ हरिपूर येथे कृष्णेत विलीन होते. पंचगंगा त्याखाली नृसिंहवाडी येथे. म्हणजे डोंगरमाथ्यावर वेगळे झालेले पाणी सखल प्रदेशातून मोठा वळसा घेऊन पुन्हा एकत्र येते. दवण्याच्या रोपाखालची माती, पायरीवरचा गुलाल, उसाच्या सरीतील खत यांतले जे विरघळेल, ते त्याच मार्गाने जाते.

नृसिंहवाडीला पावसाळ्यात कृष्णेचे पाणी चढत दत्तमंदिरात येते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेकडील दाराने बाहेर पडते. त्या पाण्यात स्नान करण्यासाठी भाविक गर्दी करतात आणि त्या घटनेला ‘दक्षिणद्वार सोहळा’ म्हणतात. २०१९ आणि २०२१ च्या पावसाळ्यांत पंचगंगेचे पाणी प्रयाग चिखलीच्या घरांत शिरले, जनावरे दावणीवरून सोडावी लागली, माणसे नावांतून बाहेर काढावी लागली. त्याला त्याच भाषेत महापूर म्हटले गेले. पाणी एकाच नदीखोऱ्याचे. वाडीच्या दारात ते किती चढले की सोहळा होतो आणि चिखलीच्या ओट्यावर किती चढले की आपत्ती होते, हे त्या दोन गावांतील माणसे पायरी मोजून सांगतात.